अपडेटनंतर कंट्रोल एस गेलं! सेव्ह होत नाहीये, कुणाला काही कळतंय का?

वेलांटी
नमस्कार मंडळी, तांत्रिक विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

मी एका छोट्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करते. लेखकांकडून मजकूर वर्डमध्ये येतो पण मी तो साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ओतून घेते, म्हणजे फॉन्ट, रंग, कुणीतरी मधेच ठळक केलेली वाक्यं असला पसारा राहत नाही आणि चूक पटकन दिसते. चार वर्षं हाच एडिटर वापरतेय, तक्रार नाही. परवा रात्री त्याने खालच्या कोपऱ्यात अपडेट आलंय म्हणून सांगितलं, मी झोपेत हो म्हटलं, आणि कालपासून कंट्रोल एस दाबलं की काही म्हणजे काहीच होत नाही. एरर नाही, आवाज नाही. टॅबवर फाईलच्या नावाशेजारी न सेव्ह केल्याचा ठिपका असतो ना, तो तसाच माझ्याकडे बघत बसतो.

आणि हे मला कळलं कधी? लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलीय, तो वायरवरच चालतो. आईने मिक्सरसाठी प्लग काढला. परत चालू करून बघते तर फाईल सकाळी सव्वानऊची. मधली साडेतीन तासांची एक अख्खी कथा, सगळे ऱ्हस्व दीर्घ, सगळे अनुस्वार, गेलं सगळं चटणीत.

फाईल मेन्यूत जाऊन माउसने सेव्ह केलं की होतंय. म्हणजे सेव्ह जिवंत आहे, शॉर्टकट मेलाय. विंडोज आहे. एडिटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की इथे दोन तट पडतात आणि माझा प्रश्न बाजूला राहतो, मागे फ्रीजच्या धाग्यावर बघितलंय.

कडकनाथ
मी पयला!
चटणी कसली होती?

वेलांटी
@कडकनाथ, शेंगदाण्याची. माझ्या दुःखात तुम्हाला जेवण दिसतंय.

सोलापुरी_चादर
शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये????? उखळात कुटतात ओ ताई. मिक्सरमध्ये तिचं पीठ होतं, तेल सुटत नाही. हा खरा बग.

उशिरा_आलो
रीस्टार्ट करून बघितलं का

पिंपळपान
आधी साधी तपासणी. दोन्ही कंट्रोल बघा, डावा आणि उजवा. माझ्याकडे मागच्या वर्षी हेच झालं होतं आणि मी पण अपडेटला शिव्या घातल्या, शेवटी निघालं काय तर डाव्या कंट्रोलच्या कळीखाली खारी बिस्किटाचा तुकडा. पापुद्रा म्हणायचा खरं तर. उजव्या कंट्रोलने चालायचं, डाव्याने नाही. अपडेट आणि बिस्कीट एकाच आठवड्यातले असल्यामुळे माझा गोंधळ झाला.

दुसरं, शिफ्ट पाचदा दाबली गेली की विंडोज स्टिकी कीज चालू करायचं का विचारतं, तिथे चुकून हो म्हटलं गेलं की कंट्रोल शिफ्ट सगळ्या कळा विचित्र वागायला लागतात. सेटिंगमध्ये बघा.

वेलांटी
@उशिरा_आलो, तीनदा.
@पिंपळपान, दोन्ही कंट्रोल बघितले, दोन्ही बंद. स्टिकी बंदच आहे. पण कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही चालतंय! म्हणजे कळ ठीक आहे ना?

पिंपळपान
हो मग कळ ठीक. खारीची थिअरी बाद.

सोलापुरी_चादर
मग दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामने कंट्रोल एस पळवलं असणार. स्क्रीनशॉट काढायची ॲप, क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारी ॲप, स्क्रीन रेकॉर्ड करणारी, असल्या ॲपा काही काही शॉर्टकट अख्ख्या कॉम्प्युटरसाठी स्वतःकडे घेऊन ठेवतात, मग तुमच्या एडिटरपर्यंत कळ पोचतच नाही. सगळ्या बंद करून बघा.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), २०२६ उजाडलं तरी लोक हाताने सेव्ह करतात बघून गंमत वाटली. ऑटोसेव्ह लावा आणि विसरा. एक सेकंद थांबलात की सेव्ह. मी सहा वर्षांत कंट्रोल एस दाबलेलं नाही.

पिंपळपान
@सोलापुरी_चादर, ऑटोसेव्हचं प्रेम मलाही होतं. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकाची संहिता, बावीस पानं. कंट्रोल ए चुकून दाबलं गेलं, त्यावर स्पेस पडली, बावीस पानांच्या जागी एक स्पेस, आणि ते बघायच्या आत शिपाई बोलवायला आला म्हणून मी लॅपटॉप मिटून निघाले. ऑटोसेव्हने ती स्पेस अत्यंत इमानदारीने सेव्ह केली. संध्याकाळी एडिटर बंद होऊन उघडला तेव्हा अनडू पण रिकामं. हाताने सेव्ह करणं म्हणजे मी सही करणं. माझी सही दुसऱ्याने दर सेकंदाला करू नये.

सोलापुरी_चादर
ताई ती चूक ऑटोसेव्हची नाही, जुन्या प्रती न ठेवण्याची आहे.

पिंपळपान
चटणीत मिक्सरची चूक, माझ्या वेळी मात्र माझी चूक. बरं.

कडकनाथ
खिक्क. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टर्मिनलबाबा
कंट्रोल एस चालत नाही म्हणून रडणाऱ्यांनी कधी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (नुसत्या कमांडी टाईप करायची ती खिडकी) कंट्रोल एस दाबून बघावं. तिथे ते 'न चालता' थांबत नाही, तुम्हालाच थांबवतं. पहिल्या नोकरीत, पहिल्याच आठवड्यात, सर्व्हरवर विम नावाच्या एडिटरमध्ये फाईल उघडली आणि सवयीने कंट्रोल एस दाबलं. पडदा थिजला. काही टाईप करा, ढिम्म. मला वाटलं सर्व्हर गेला, मी पाणी प्यायला उठलो (म्हणजे पळालो). शेजारच्या सिनियर बाईंनी न बघता माझ्या कीबोर्डवर कंट्रोल क्यू दाबलं आणि मी गेल्या दोन मिनिटांत बडवलेलं सगळं एकदम पडद्यावर ओतलं गेलं.

कारण मजेशीर आहे. कंट्रोल ही कळ मुळात शॉर्टकटसाठी नव्हतीच. अक्षराच्या कोडातून ६४ वजा करायचे, एवढंच तिचं काम. अ‍ॅस्कीत (म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या जुन्या यादीत) एस म्हणजे ८३, ६४ गेले, उरले १९. क्यू ८१, उरले १७. हे १९ आणि १७ म्हणजे दूरच्या यंत्राला 'थांब' आणि 'चल' सांगायचे इशारे. १९६३ च्या टेलेटाइप मॉडेल ३३ सारख्या यंत्रांवर कागदी पट्टीतून मजकूर वाचला जायचा, ती पट्टी वाचणारा भाग या इशाऱ्यांनी थांबायचा आणि सुरू व्हायचा. यंत्रं भंगारात गेली, इशारे अजून टर्मिनलमध्ये बसलेत. नको असेल तर एसटीटीवाय, मग स्पेस, मग वजा चिन्ह आणि त्याला चिकटून आयएक्सओएन अशी कमांड द्या, सुटका होते.

सेव्ह म्हणजे कंट्रोल एस हे काही वेदात लिहिलेलं नाही, एवढंच सांगायचंय.

खिळेजुळारी
टर्मिनलबाबांशी सहमत. आम्ही वर्डस्टारवर शिकलो. त्यात कंट्रोल एस म्हणजे कर्सर एक अक्षर डावीकडे! ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे, कीबोर्डवर बघा त्या चार कळा कशा चौकटच्या पत्त्यासारख्या बसल्यात. सेव्ह करायचं तर कंट्रोल के आणि मग एस. पुढे विंडोज आलं आणि मी महिनाभर डावीकडे जायला म्हणून फाईल सेव्ह करत होतो. तोटा काही झाला नाही.

पण खरी सवय लागली ती भारनियमनाने. मी सदाशिव पेठेत आधी छापखान्यात खिळे (अक्षरांचे सुटे ठसे) जुळवायचो, मग मालकांनी छपाईचं यंत्र विकून दोन कॉम्प्युटर घेतले आणि आम्हाला डीटीपीला (कॉम्प्युटरवर पानं मांडायला) बसवलं. सन २००५-०६ च्या सुमारास आम्ही गावाला हलवलेल्या शाखेत होतो, तिथे वीज दिवसातून कितीदा जायची याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं. यूपीएस होता पण त्याची बॅटरी सात मिनिटांची, त्यातली चार तो कुई कुई करण्यात घालवायचा. त्यामुळे ओळ संपली, कंट्रोल एस. पूर्णविराम, कंट्रोल एस. फोन आला, उचलायच्या आधी कंट्रोल एस. एक सहकारी तर लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' लिहितानाही मधल्या टिंबांवर सेव्ह करायचा. आता घरी इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप आहे, तरी डाव्या हाताची करंगळी आणि मधलं बोट आपोआप जातं. नातीच्या टॅबवर बोटाने लिहिताना पण करंगळी हलते, ती हसते.

वेलांटीताई, तुमचा प्रश्न मात्र राहिलाच. कळफलक कुठला वापरता? इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन की ते इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी होतं ते?

वेलांटी
@खिळेजुळारी काका, इनस्क्रिप्ट. क्लासमध्ये रेमिंग्टन शिकले होते पण नंतर बदललं.
@सोलापुरी_चादर, सगळ्या ॲपा बंद केल्या, फरक नाही. आणि आत्ताच लक्षात आलं, कंट्रोल एफ पण चालत नाहीये, शोधायची खिडकी उघडतच नाही.

माऊ_मनी
मी पण तुम्ही म्हणताय तसलाच (बहुतेक तोच) एडिटर वापरते, कालच अपडेट केलं, मराठीच लिहिते, मला काही त्रास नाही. माझ्याकडे तर चालतंय बुवा.

उशिरा_आलो
"माझ्याकडे चालतंय", प्रतिसाद क्रमांक एक ते अनंत. माऊताईंचा लॅपटॉपच वेलांटीताईंना पाठवून द्या.

अजून_एक_अभियंता
थांबा थांबा. काकांनी बरोबर नस पकडलीय. @वेलांटी, एक करा. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजी करा. मग त्याच फाईलमध्ये कंट्रोल एस दाबा. आणि सांगा.

@माऊ_मनी, तुम्ही मराठी कसं लिहिता?

माऊ_मनी
इंग्रजीतून. नमस्कार लिहायचं तर एन ए एम ए एस... तसं.

वेलांटी
अहो!!! झालं! इंग्रजी केल्यावर ठिपका गेला! परत मराठी केलं, एक अक्षर लिहिलं, कंट्रोल एस, ठिपका तसाच. परत इंग्रजी, गेला. मी पाचदा करून बघितलं, आई म्हणते काय दिवे लावल्यासारखं चालू बंद करतेस.

पण काल परवापर्यंत मराठीतच चालत होतं हो. चार वर्षं चालत होतं.

अजून_एक_अभियंता
तेच. तर ऐका, जरा लांबण आहे, चहा घ्या.

तुम्ही एसची कळ दाबता तेव्हा कॉम्प्युटरला 'एस' असं काही कळत नाही. कीबोर्ड फक्त सांगतो की अमुक जागेवरची कळ दाबली. मग विंडोज बघतं सध्या कुठला कळफलक निवडलाय आणि त्या जागेवर कुठलं अक्षर आहे ते ठरवतं. इंग्रजी असेल तर एस. इनस्क्रिप्ट असेल तर त्या जागेवर काय असतं? एकाराची मात्रा. 'े'. म्हणजे तुमच्या हाताने कंट्रोल एस दाबलं तरी अक्षराच्या हिशोबाने ते आहे कंट्रोल आणि मात्रा.

आता आजकालचे बरेच एडिटर आतून ब्राउझरच्या इंजिनवर चालतात. त्यांना प्रत्येक कळीबरोबर तीन चिठ्ठ्या मिळतात. पहिलीवर कळीची जागा, तिथे 'की एस' लिहिलेलं असतं, कळफलक कुठलाही असो. दुसरीवर निघालेलं अक्षर, इनस्क्रिप्टमध्ये 'े'. आणि तिसरी जुनी चिठ्ठी, तिच्यावर नुसता आकडा, एससाठी ८३. विंडोजवर इनस्क्रिप्ट लावलं तरी हा आकडा ८३ च राहतो. म्हणून जुन्या आकड्यावर चालणारे प्रोग्राम मराठीत बिनबोभाट चालतात, तुमची चार वर्षं त्याच्यावरच गेली असणार.

गंमत अशी की ही तिसरी चिठ्ठी आता जुनी झाली, नवीन कोडात वापरू नका अशा यादीत गेलीय. कुणीतरी साफसफाई करायला बसलं, जुना आकडा काढला आणि त्याजागी दुसरी चिठ्ठी लावली, अक्षराची. त्यांच्या स्वतःच्या कीबोर्डवर सगळं चाललं. चाचण्या पण हिरव्या. अपडेट गेलं. हे मी अंदाजाने म्हणतेय, कोड बघितलेला नाही, पण लक्षणं शंभर टक्के हीच. सी आणि व्ही चालतंय कारण कॉपी पेस्ट बहुधा इंजिन स्वतः सांभाळतं, सेव्ह आणि शोध हे एडिटरचे स्वतःचे शॉर्टकट.

माऊताईंचं चालतं कारण त्यांचा खालचा कळफलक इंग्रजीच असतो, रूपांतर वरच्या वर होतं. कंट्रोल धरलं की रूपांतर करणारा बाजूला होतो आणि एस तो एसच.

कडकनाथ
आणि एफच्या जागेवर इनस्क्रिप्टमध्ये काय असतं?

अजून_एक_अभियंता
'ि'

कडकनाथ
म्हणजे कंट्रोल वेलांटी दाबलं तरी वेलांटी सापडत नाहीये. हसून हसून पुरेवाट. धागा इथेच वसूल.

माऊ_मनी
मला एक कळत नाही, सेव्हचा स पाहिजे ना? मग मराठीत स कुठल्या कळीवर आहे ते दाबायचं.

वेलांटी
एमवर.

टर्मिनलबाबा
टर्मिनलमध्ये कंट्रोल एम दाबू नका, एम तेरावं अक्षर आणि तेरा म्हणजे एंटर.

उशिरा_आलो
मराठी माणसाने सेव्ह करायला एम, एंटर मारायलाही एम, आणि मग म कुठे आहे?

वेलांटी
सीवर. 🙏

खिळेजुळारी
इनस्क्रिप्टवर हसू नका रे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ठरवला आणि १९९१ च्या भारतीय मानकात गेला. डाव्या हाताला सगळे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, म्हणून हात आलटून पालटून चालतो. आणि तेलुगू, बंगाली, गुजराती सगळ्यांना एकच, के वर सगळीकडे क. एसची कळ डाव्या हातातली म्हणून तिथे मात्रा आली, त्यात चूक काहीच नाही. म्हणजे हा तुमचा बग मराठीपुरता नसणार, हैदराबादलाही कुणीतरी आत्ता कपाळावर हात मारत असेल.

अजून_एक_अभियंता
काका एकदम बरोबर, आणि फक्त भारतच नाही. रशियन कीबोर्डवर एसच्या जागेवर त्यांचा एक स्वर आहे, ग्रीकवर सिग्मा. सगळे अडकणार.

तर उपाय म्हणजे एडिटरवाल्यांनी अक्षर न बघता जागा बघावी. पहिली चिठ्ठी. सोपं आहे, एक ओळ बदलायची.

ल्यॉनकर
खूप वर्षं नुसताच वाचतो, आज राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं.

'जागा बघावी, सोपं आहे' याला माझा कडक विरोध. फ्रान्सचा कीबोर्ड वेगळा आहे. जिथे तुमचा डब्ल्यू तिथे आमचा झेड, आणि जिथे तुमचा झेड तिथे आमचा डब्ल्यू. ए आणि क्यूची पण अशीच अदलाबदल. इथे ऑफिसात एक छोटा अंतर्गत प्रोग्राम होता, कुणीतरी त्याचे शॉर्टकट जागेवरून लावले होते. मी एक परिच्छेद लिहिला, आवडला नाही, कंट्रोल झेड दाबलं. माझ्या कीबोर्डवर झेड छापलेली कळ. प्रोग्रामच्या लेखी ती जागा डब्ल्यूची. कंट्रोल डब्ल्यू म्हणजे बंद करा. खिडकी गायब. मी मागे घ्यायला गेलो आणि त्याने मलाच घालवलं.

म्हणजे तुम्हाला अक्षराने मारलं तसं आम्हाला जागेने मारतात. आमच्याकडे कळीवर जे छापलंय तेच झालं पाहिजे.

अजून_एक_अभियंता
अरे हो. हे मी विसरलेच. माघार. ड्व्होराक (इंग्रजीचाच, पण अक्षरांचा क्रम वेगळा असलेला कळफलक) वापरणारे पण हेच म्हणतील.

पिंपळपान
म्हणजे एस हे अक्षर आहे की जागा आहे?

ल्यॉनकर
इथे अक्षर.

वेलांटी
इथे जागा. माझ्या कीबोर्डवर एस नावाचं अक्षर नाहीच आहे!

स्टुटगार्टकर
भांडणात तेल ओततो. जर्मनीत कंट्रोलच्या कळीवर स्ट्रगसारखं काहीतरी छापलेलं असतं, 'नियंत्रण' या जर्मन शब्दाचं लघुरूप, आणि इथले निम्मे लोक स्वतःच त्याला 'स्ट्रिंग' म्हणतात. सेव्ह मात्र एसनेच होतं. पण वर्डमध्ये ठळक करायला कंट्रोल बी नाही, कंट्रोल शिफ्ट एफ, कारण ठळकला इथे 'फेट' म्हणतात.

यावर कडी म्हणजे स्पेन. माद्रिदला एका क्लायंटकडे बसून त्यांच्या मशीनवर मीटिंगचं टिपण करत होतो. दर दोन ओळींनी कंट्रोल एस. थोड्या वेळाने बघतो तर मजकूर आलटून पालटून अधोरेखित! दोन ओळी रेघ, दोन ओळी साध्या, परत दोन ओळी रेघ. स्पॅनिश वर्डमध्ये सेव्ह म्हणजे कंट्रोल जी, 'ग्वार्दार'चा ग, आणि एस म्हणजे अधोरेखितसाठीच्या शब्दाचा स. सेव्ह एकदाही झालेलं नव्हतं. क्लायंटच्या बाईंना वाटलं मी महत्त्वाचे मुद्दे अधोरेखित करतोय, म्हणाल्या फार व्यवस्थित टिपण आहे.

कडकनाथ
जातिवंत प्रतिसाद. मग मराठी वर्डमध्ये जतनचा ज ठेवायचा, इनस्क्रिप्टमध्ये ज कुठाय?

वेलांटी
पीवर. म्हणजे प्रिंट. सेव्ह करायला गेलं की कागद बाहेर.

सोलापुरी_चादर
इतकं सगळं करण्यापेक्षा ऑटोसेव्ह.

पिंपळपान
नको म्हटलं ना.

अजून_एक_अभियंता
बरं, ल्यॉनकरांमुळे नीट विचार केला. शहाण्या प्रोग्रामनी असं करावं: आधी अक्षर बघायचं. ते लॅटिन लिपीतलं असेल तर त्याचंच ऐकायचं, म्हणजे फ्रान्स खुश. लॅटिन नसेल, मात्रा असेल, सिग्मा असेल, तरच जागेकडे बघायचं, म्हणजे वेलांटीताई खुश. असं करणारे प्रोग्राम आहेत पण. काही एडिटरमध्ये तर सेटिंगच असतं, शॉर्टकट कशावरून ओळखायचा ते तुम्हीच निवडा. वेलांटीताई, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा एडिटर कुठला ते.

आणि तोवर कामचलाऊ: शॉर्टकटच्या यादीत जा, सेव्हवर डबल क्लिक, नवीन शॉर्टकट विचारेल तेव्हा कीबोर्ड मराठीत ठेवून कंट्रोल एस दाबा. तो जे काही ऐकेल ते नोंदवेल. जुना इंग्रजीवाला पण राहू द्या, दोन्ही चालतील.

आणि गेलेली कथा: एडिटरच्या स्वतःच्या फोल्डरात बॅकअप नावाचा उपफोल्डर आहे का बघा. बरेच एडिटर न सेव्ह केलेलं तिथे गुपचूप ठेवतात. फाईलचं नाव अगम्य असेल, वेळेवरून ओळखा.

माऊ_मनी
वाचनखूण साठवली. मला काही कळलं नाही पण नवऱ्याला दाखवते.

उशिरा_आलो
सगळं वाचलं नाही पण कुणीतरी कीबोर्ड बदलून बघा म्हणालंय का?

कडकनाथ
म्हणालंय. तिसऱ्या देशात.

वेलांटी
मंडळी, चार दिवसांनी येतेय, अंकाची गडबड होती. आधी बातम्या.

कथा सापडली! पूर्ण नाही, बारा वाजून दहा मिनिटांपर्यंतची. बॅकअपच्या फोल्डरात तेहतीस फाईली होत्या, नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं, एकेक उघडत बसले. त्यातल्या एकात दोन वर्षांपूर्वीची माझीच वाणसामानाची यादी निघाली. शेवटची दीडेक पानं परत तपासावी लागली, तेवढं चालतं.

अभियंतादादांनी (दादाच ना?) एडिटरवाल्यांच्या बग नोंदवायच्या पानावर माझ्या नावाने नाही पण माझी सगळी लक्षणं इंग्रजीत लिहून टाकली. तिथे आधीच दोन नोंदी होत्या, एक ग्रीक, एक बंगाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे हैदराबाद नाही पण जवळपास. करणाऱ्यांनी मान्य केलं की जुना आकडा काढताना हे सुटलं, आणि पुढच्या आवृत्तीत आधी अक्षर मग जागा असं करणार म्हणतात. एका फ्रेंच माणसाने खाली लगेच लिहिलंय की आमचं झेड बिघडवू नका. ल्यॉनकर, तुम्हीच का ते?

ल्यॉनकर
नाही. पण त्याला अंगठा दिला.

अजून_एक_अभियंता
ताईच आहे मी. चालतं, सवय आहे.

वेलांटी
अय्या सॉरी सॉरी! मग पुढच्या वेळी चहा माझ्याकडून, आणि चटणी (उखळातली).

तर तोवर तो कामचलाऊ उपाय केला. यादीत गेले, मराठी कीबोर्ड ठेवून कंट्रोल एस दाबलं. त्या चौकटीत उमटलं ते इथे जसंच्या तसं देते:

कंट्रोल + ◌े

मात्रेखाली तो तुटक टिंबांचा गोल आला, अक्षर नसलं की येतो तसा. फाईल मेन्यू उघडला तर सेव्हच्या समोर आता तेच लिहिलेलं दिसतं. आणि चालतंय. कालपासून सोळा पानं गेली, ठिपका एकदाही राहिला नाही. शोधाला कंट्रोल वेलांटी पण लावून टाकलं, कडकनाथ, सापडले एकदाची.

कडकनाथ
_/\_

सोलापुरी_चादर
उखळातली चटणी लिहिल्याबद्दल ऑटोसेव्हचा मुद्दा मागे घेतो. तात्पुरता.

टर्मिनलबाबा
त्या मात्रेचा युनिकोड ०९४७. त्यातून ६४ वजा करायला बसू नका कुणी.

खिळेजुळारी
तो गोल बघून बरं वाटलं. आम्ही जुळवायचो तेव्हा सुट्या मात्रेचा खिळा इतका बारीक असायचा की केसमधून (खिळे ठेवायची खणांची पेटी) घरंगळला तर दिवसभर सापडायचा नाही. संध्याकाळी चप्पल काढली की तळव्यात रुतलेला असायचा. घरी न्यायचो नाही हं, दुसऱ्या दिवशी परत घरात टाकायचो, केसच्या.